मधल्या किमतीचा डिस्क प्लेअर

मु. पो. हट्टा, ता. वसमत

रा. रा. विजयकुमार यांस,

हट्ट्याहून तुमचे दाजी संतराम यांचा रामराम. (घ्यायचा का न्हाई ते तुमी ठरवा, मी पाठवला.) तुमची शुगर, घरच्या मंडळींचे गुडघे अन् कळमनुरीकडची हळद समदं बरं असंल असं धरून चालतो. इकडं तुमची बहीण मंजुळा खुशाल आहे, मीही खुशाल आहे, म्हणजे या पत्राच्या दुसऱ्या पानापर्यंत तरी आहे. फोनच करणार होतो. पण माझा नंबर तुमच्या मोबाईलवर ब्लॉक आहे असं आमच्या शिवशंकरनं तपासून सांगितलं, म्हणून टपालखात्याला तकलीफ देऊन राहिलो. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली न्हाई.

जुनं उकरायचं न्हाई, असं ठरवूनच कागद घेतला आहे. प्रतिक्षाच्या लग्नात मामा म्हणून तुमी भाचीला मंडपात आणलं, अन् शूटिंगवाल्यानं डिस्क बनवताना नेमके तुमच्या तोंडावर पत्त्यातल्यासारखे गुलाबी बदाम सोडले, इतके की तुमचा नुसता फेटाच दिसला. ते मी मुद्दाम करायला लावलं असं तुमचं पंधरा वर्षांपासून म्हणणं आहे. अहो, मला अजून टीव्हीचा आवाज कमी करता येत न्हाई, मी बदाम कुठून सोडणार? बरं, त्यानं सोडले तर सोडले, माझ्याही तोंडावर सोडायचे होते, तुमी एकटेच काहून? पण जाऊ द्या. उकरायचं न्हाई म्हणलं ना.

मुद्दा असा आहे. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं. मागल्या महिन्यात मंजुळा भाकरी थापता थापता एकदम थांबली अन् म्हणाली, "आईचा आवाज इसरत चालले हो मी. तोंड दिसतं, आवाज येत न्हाई." तव्यावरची भाकर करपली तरी तिला कळलं न्हाई. आता तुमाला ठाऊकच आहे, त्यांचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज धरून ठेवायचं कोणाला सुचलं न्हाई. तो फक्त एका जागी आहे, प्रतिक्षाच्या लग्नाच्या शूटिंगच्या डिस्कमधी, हळदीच्या वेळी त्या गाणं म्हणतात तिथं. आमचा जुना प्लेअर उंदरांनी कधीच खाऊन टाकला. म्हणून मंजुळा म्हणाली, "एकदा ती डिस्क लावून द्या." पस्तीस वर्षांत तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितलं न्हाई. (मागितलं असंल, मी ऐकलं नसंल. हे मात्र ऐकलं.)

आता आमच्याकडं होम थिएटर आहे हे तुमाला कोणीतरी सांगितलंच असंल. शिवशंकरनं पुण्याहून दिवाळीला धाडलं. चार कोपऱ्यांना चार डबडी, एक टीव्हीखाली, अन् एक मोठं खोकं आहे, ते नुसतं धमधम करतं. समदं आहे, फक्त डिस्क घालायला फट न्हाई. शिवशंकरला फोन लावला तर म्हणाला, "अण्णा, आता डिस्क कोण वापरतं?" मी म्हणलं, "तुझी आजी वापरते." तवा पोरगं म्हणालं, "घ्या अण्णा. पण बराबर बघून घ्या."

बराबर बघून म्हणजे काय ते मला आमच्या इथल्या टीव्ही मिस्त्री रत्नपालनं समजावलं. स्वस्तातल्या प्लेअरला लाल-पिवळ्या वायरी असतात अन् आवाज दोनच डबड्यांतून येतो. महागातल्याला एकच चपटी वायर, ती जुन्या टीव्हीला लागत न्हाई, शिवाय लग्नाची डिस्क त्याच्या तोंडात दिली की तो नाक मुरडतो. मधल्याला दोन्ही वायरी, अन् आवाज पाचही डबड्यांतून. ऐकून मला बरं वाटलं, कारण जन्मभर मी मधलंच घेत आलो. बैलजोडी मधली घेतली, बियाणं मधलं पेरलं, अन् पोरी बघायला निघालो तवा तीन स्थळांतलं मधलं तुमच्या घरचं होतं. (हे तिला सांगू नका.)

वसमतला गेलो तर दुकानदाराकडं स्वस्तातलाच होता. हिंगोलीला गेलो तर तिथला पोरगा मला बघूनच हसला अन् मोबाईलचं कव्हर दाखवायला लागला. शेवटी नांदेड गाठलं. डिस्कची डबी बरोबर नेली होती, टॉवेलात गुंडाळून. डबीवर प्रतिक्षा अन् जावईबापूंचा फोटो आहे, मागं ताजमहाल. बसमधी दोन तास मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "काका, दही हाय का?" मी म्हणलं, "सासूबाई आहेत." ती उठून पुढल्या सीटवर गेली.

नांदेडच्या दुकानात तीन प्लेअर मांडलेले. दुकानदार मधल्यावर हात ठेवून म्हणाला, की हा जुनं चित्रही साफ करून दाखवतो, त्याच्यावरचं सारं धुरकट काढून टाकतो. मी विचारलं, बदाम काढतो का? (बघा, तुमचाच विचार केला.) त्याला काही समजलं न्हाई. मग म्हणाला, "चाचा, आपकी डिस्क दो, चलाके दिखाता हूँ." मी डबी छातीशी धरली. म्हणलं, न्हाई, धूळ लागंल. त्यानं चारदा मागितली, मी चारदा न्हाई म्हणलं. शेवटी त्यानं दुकानातलीच डिस्क लावून दाखवली. आवाज असा आला की बाहेरचा रसवंतीवाला आत डोकावला. घेतला.

घरी रत्नपालनं वायरी जोडल्या. तुमच्या बहिणीनं सणाचं लुगडं नेसलं, टीव्हीपुढं उदबत्ती लावली अन् पदर सावरून बसली. मी टॉवेल सोडला, डबी उघडली, अन् आत डिस्क न्हाई! मधी नुसतं प्लास्टिकचं बोंड. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मशीन नवीन आहे, दोन दिवस बसू द्यावं लागतं." ती म्हणाली, "बसू द्या की." अन् उदबत्ती विझवून ठेवली, परवासाठी.

डिस्क कुठं गेली ते मला उंबरा ओलांडतानाच आठवलं. ज्वारीत दाणा भरला की पाखरं उतरतात, अन् आपल्याकडं समदेच जुन्या सीड्या दोरीला बांधून शेतात लटकवतात, हे तुमाला सांगायला नको. उन्हात त्या लकाकतात अन् पाखरू बिचकतं. मागल्या साली मीही कपाट उघडून ज्या डिस्कवर चित्र न्हाई त्या वेचल्या, अन् डब्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून जिथल्या तिथं नीट लावून ठेवल्या. शूटिंगवाल्यानं फोटो डबीवर लावला होता, डिस्क कोरी होती. मला वाटलं कोरी आहे म्हणजे आत काही नसंल.

पळत शेतात गेलो. सात डिस्का वाऱ्यावर फिरून राहिल्या होत्या. पाऊस-ऊन खाऊन समद्या सारख्याच. जिवंतपणी मी सासूबाईंना कधी शेतात काडी उचलू दिली न्हाई, पाव्हण्या म्हणून घोंगडीवर बसवलं, अन् गेल्यावर सालभर पाखरं हाकायला उभं केलं. माझ्यासारख्या माणसाला काय म्हणावं ते तुमी कळमनुरीत कैकदा म्हणालेले आहात असं कानावर आहे. तेच बराबर आहे.

सातही उतरवल्या. साबणानं धुतल्या, रत्नपालनं टूथपेस्ट लावून पुसल्या, (एक टूथपेस्ट संपली, मंजुळाला सांगितलं दात दुखतो) अन् ती देवळात गेली तवा एकेक लावून बघितली. मधल्या किमतीचा असल्यानं प्लेअरनं एकही खरवडली न्हाई. थोडा विचार करायचा, पडद्यावर 'नो डिस्क' लिहायचा अन् अदबीनं बाहेर काढून द्यायचा. सातही बारी. आज दुसरा दिवस आहे. मशीन बसलं का, म्हणून ती सकाळपासून दोनदा विचारून गेली.

असो. प्लेअर उत्तम आहे. तुमाला कधी घ्यायचा झाला तर मधलाच घ्या. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, दुसरं काही मनात न्हाई. लोभ पंधरा वर्षांमागं जेवढा होता तेवढा असावा.

तुमचा दाजी,
संतराम

ता. क. – दुसरं मनात आहे. त्या शूटिंगच्या दोनच डिस्का निघाल्या होत्या. व्याह्यांनी आल्बमवर भागवलं. एक आमच्याकडं राहिली, अन् दुसरी तुमी पहिल्या दिवाळसणाच्या भर पंगतीत, "हा माझ्या अपमानाचा पुरावा हाय," म्हणून घेऊन गेलात. शूटिंगवाल्याचं दुकान कधीच मोडलं. पुरावा माणूस जपून ठेवतो, म्हणून तुमच्या कपाटात ती नक्की असंल. तेवढी धाडा. बदाम मीच सोडले होते असं मी कागदावर लिहून द्यायला तयार आहे, सही-अंगठ्यासकट. मंजुळाला मात्र ज्वारीचं कळू देऊ नका.

ता. क. दुसरा – मंजुळाला कळलं. वर लिहिलेलं पाकिटात घालणार तेवढ्यात रत्नपाल त्याचा जुना, डबडा, सगळ्यात स्वस्तातला प्लेअर घेऊन आला. म्हणाला, ह्याला काय बी चालतं, ज्वारीत टांगलेलं बी, अन् ते चुलीपर्यंत ऐकू गेलं. दोरीचा वळ उमटलेली सहावी डिस्क त्यात घातली अन् तो घरघर करत सुरू झाला! हळदीचा कार्यक्रम. मंजुळा पिठाच्या हातानं धावत आली. सासूबाई हातात वाटी घेऊन बसलेल्या, गाणं म्हणायला तोंड उघडलं, अन् मधीच मान वळवून म्हणाल्या, "विजू जेवला का?" तिथंच डिस्क अडकली. रत्नपालनं दुकानातनं कसली तरी वायर आणून तो आमच्या होम थिएटरला जोडला होता, त्यामुळं चारी कोपऱ्यांतून अन् टीव्हीखालून तेच. "विजू जेवला का? विजू जेवला का?" रत्नपाल बंद करायला उठला तर तुमची बहीण म्हणाली, "राहू द्या." ती रडतही होती, हसतही होती, अन् दर खेपेला उत्तर देऊन राहिली होती, "न्हाई ग आई. तो येतच न्हाई आपल्याकडं."

माझ्याच्यानं ऐकवंना, म्हणून बाहेर ओट्यावर बसून हे लिहून राहिलो. आत अजून चालूच आहे. विजयकुमार, रविवारी या. डिस्क विसरली तरी चालंल, घरून जेवून मात्र येऊ नका.