टिकलीखालची जागा

कोपर, डोंबिवली (प.)
३ फेब्रुवारी १९८८

ती. सौ. भागीरथीताईस,
रतनचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही सगळे तिकडे बाळकुमला बरे असाल.

तुझं पत्र काल आलं. चित्राचं जमलं हे वाचून मी चाळीत घरोघरी साखर दिली. साखरपुडा वीस मार्चला म्हणजे हातात दीड महिना आहे. मुलगा ठाण्यात नोकरीला आणि तरी भावजी होडी सोडून चार दिवस त्याची चौकशी करत हिंडले, हे वाचून फार हसले. मुलाला कळलं असतं तर त्यानं पळच काढला असता.

तू चित्रासाठी घ्यायच्या सामानाची यादी पाठवलीस आणि खाली लिहिलंस, ‘तू खरं सांगतेस म्हणून विचारते.’ अगं, खरं सांगण्यावरच माझं पोट आहे. बारा वर्षं खांद्याला पिशवी अडकवून मी इथल्या बायकांच्या दारात बसते. दुकानदार म्हणतो सगळंच छान. मी म्हणते, हे घ्या, ते नका घेऊ. म्हणून बायका दुकान सोडून माझी वाट बघतात.

तर ऐक. गोरं करणारी ट्यूब घेऊ नको. मी स्वतः चार ट्यूबा संपवल्या आहेत आणि होते तशीच आहे. पोरगी सावळी आहे, त्यांनी बघून पसंत केली आहे, आता तिला गोरी करून कुणाला फसवायचंय? स्नो आणायचाच तर लहान बाटली आण. पावडर मानेला आणि पाठीला लावायची, तोंडाला नाही. तुझ्या लग्नात घामानं तुझ्या गालांवर पांढरे ओघळ आले होते आणि आईनं ते पदरानं पुसले होते, विसरलीस वाटतं. लिपस्टिक लाल नको, तांबूस बघ. लाल रंग पहिल्या चहाबरोबर कपाला जातो आणि ओठ मधेच उघडे पडतात. नेलपॉलिश कुठलीही घे, मासळी साफ करणाऱ्या हातावर ती दोन दिवसांच्या वर राहत नाही.

केसांना शाम्पूचे पुडे आणू नको म्हणत नाही, पण खाडीच्या वाऱ्यानं चिकट झालेले केस शिकेकाईनंच सुटतात. उकळून गाळून घे. आळस करून तशीच लावलीस तर लग्नापर्यंत केसांतून भुसा पडत राहील. आणि ठाण्याच्या पार्लरमध्ये ब्लीच करून घ्यायचं तिच्या मैत्रिणींनी डोक्यात घातलं असेल, ते काढ. करायचंच असेल तर आधी कानामागे लावून बघायला सांग. अंगाला काय सोसतं ते आधी बघावं.

हे शेजारीच बसून टिकल्यांची पाकिटं बांधताहेत. पत्र झालं की वाचून पोस्टात टाकतो म्हणाले. हल्ली माझी पत्रं हेच टाकतात.

शेवटी तू लिहिलंस की चित्राला आपल्या ‘रत्नप्रभा’ टिकलीशिवाय दुसरी चालत नाही, तिच्या कपाळावर ज्वारीएवढा पांढरा डाग आलाय, तेव्हा तो झाकेल असा मोठा नंबर पाठव. त्याचं पुढच्या पत्रात लिहिते. जागा संपली.

तुझी,
रतन


कोपर
२४ फेब्रुवारी १९८८

ती. सौ. ताईस नमस्कार.

टिकल्या पाठवत नाही. माल शिल्लक नाही.

चित्राला सांग, रात्री टिकली काढून आरशाला चिकटवायची आणि सकाळी तीच परत लावायची, ही सवय सोड. महिनाभर कपाळ मोकळं ठेवलं तर काही बिघडत नाही. कुणी विचारलं तर पुळी आली आहे म्हणावं. तिला मोकळं कपाळ शोभतंही.

डाग केवढा झाला ते कळव. नुसतं ‘थोडा वाढला’ असं लिहू नको, कशाएवढा ते लिही. खाज येते का, तेही लिही. सहज विचारते आहे.

तुला आमच्या शेजारच्या मनुबाईंची सून आठवते का? मंजुळा. गणपतीत तू आलीस तेव्हा तुझ्याशेजारी बसून ती मोदक वळत होती आणि तू म्हणालीस, किती हसरी आहे पोर. ती माहेरी गेली आहे, खडवलीला. जाऊन चार महिने झाले. आज उगाच तिची आठवण आली.

यांचा भावजींना नमस्कार.

रतन


कोपर
१८ मार्च १९८८

प्रिय ताई,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. उद्या शनिवारी मंजुळा ते घेऊन तुझ्या दारात येईल. तिला आधी पाणी दे, बसव, आणि मग तिच्यासमोरच वाच. तिची अट तशी आहे.

तुझं पत्र आलं. डाग चार आण्याएवढा झाला, आणि तरी काळजी नाही, कारण प्रभाकररावांनी कुणाच्या तरी हाती मोठ्या टिकल्यांची पाच पाकिटं पाठवली, असं तू लिहिलंस. जावयाची कशी माया असते, तेही लिहिलंस. ताई, मी पाठवत नाही म्हणून लिहिलेलं यांनी वाचलं होतं. वाचूनच पाठवली.

तो डाग आपल्या टिकलीनं आला आहे. टिकलीच्या मागे जो डिंक लावतो, त्यानं. पहिल्या पत्रात जागा संपली म्हणाले, पण खाली चार बोटं कागद कोरा होता, तुला दिसलाच असेल.

आमचा आधीचा डिंक साधा होता. घाम आला की टिकली गळायची, बायका मला दारात धरायच्या. दीड वर्षापूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, यांनी चपला बनवणाऱ्या एकाकडून सोल्युशनचा डबा आणला. चपलेचा तळ चिकटवतात ते. त्याची टिकली आंघोळीतही हलेना. मी दारोदार सांगत सुटले, नवरा हलेल पण टिकली हलणार नाही. बायका हसायच्या आणि दोन-दोन पाकिटं घ्यायच्या.

पावसाळ्यात माझं कपाळ खाजायला लागलं, मग पांढरा ठिपका आला. मी मोठी टिकली लावली. ठिपका टिकलीएवढा झाला, मी त्याहून मोठी लावली. आपण बायका दुसरं काय करतो? जे दिसू नये ते झाकतो, आणि ज्यानं झालं त्यानंच झाकतो.

मंजुळा तेव्हा रोज दुपारी माझ्याकडे टिकल्या कार्डावर लावायला यायची. एक दिवस तिनं टिकली काढून कपाळ पुढे केलं आणि म्हणाली, “वहिनी, तुम्ही खरं सांगता. टिकलीनं झालं असेल का हे?”

माझ्या कपाळावर त्या वेळी मोठी टिकली होती आणि तिच्याखाली तसाच डाग होता. मी म्हणाले, टिकलीनं कुठं डाग पडतो, पोटात काहीतरी असेल, मोठा नंबर लाव म्हणजे दिसणार नाही. पाकीटही मीच दिलं.

दिवाळीआधी शेजारी हळदीकुंकू होतं. कुंकू लावायला एका बाईनं मंजुळाची टिकली काढली. डाग तोवर रुपयाएवढा झाला होता. ती बाई कुंकवाचं बोट तसंच धरून उभी राहिली. घरी जाईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, कोड. त्याच संध्याकाळी मनुबाई माझ्याकडे आल्या. ती टिकलीमुळे म्हणते, तू सांग रतन, तू खोटं बोलायची नाहीस, असं म्हणाल्या. आणि मी नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी मंजुळाची ट्रंक दाराबाहेर होती. तिचा नवरा जिन्यात तोंड फिरवून उभा होता. मी दाराच्या फटीतून सगळं बघितलं आणि कडी लावली.

तू म्हणशील धंद्यासाठी गप्प बसलीस. ते होतंच. पण त्याहून खरं सांगू? बोलले असते तर मला माझी टिकली काढून दाखवावी लागली असती. आज तिची ट्रंक, उद्या माझी, एवढंच मला दिसत होतं. मला लाज वाटते, ताई. फार लाज वाटते.

तुझ्या पहिल्या पत्रानंतर मी यांना न सांगता कल्याणला कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टिकली हातात घेतली, वास घेतला आणि लगेच सांगितलं. हे कोड नव्हे, रक्तातून येत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. टिकली बंद करायची. रंग हळूहळू भरतो, वर्ष लागेल, कुणाचा पुरता भरत नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं, तो सोबत आहे. निघताना विचारलं, या टिकल्या किती बायका लावतात?

घरी येऊन यांना सांगितलं. तेव्हाच तोंड उघडून तुला कळवायला हवं होतं, पण मी माल शिल्लक नाही असं लिहीत बसले. हे म्हणतात, हजार बायका लावतात, चौघींना झालं, त्यांचंच रक्त खराब असेल. माणूस वाईट नाही गं. पण एकदा मान्य केलं तर किती जणींचं मान्य करावं लागेल, ते त्यांना माझ्याआधी कळलंय.

आता परवाचं बोलते. रविवारी चित्राची सासू तिची टिकली काढून कुंकू लावेल. त्या वेळी काय दिसेल ते तुला माहीत आहे. मला वाटलं, मीच येते, माझं कपाळ उघडं करून सगळ्यांना सांगते. मग रात्रभर विचार केला. माझा डाग बघून ती माणसं काय म्हणतील? मावशीलाही आहे, म्हणजे घराण्यातच आहे. मी पुरावा दिला तर तो चित्राच्याच विरुद्ध जाईल. आपल्या रक्ताची नाही अशी बाई हवी होती. आणि अशी एकच बाई मला माहीत होती.

म्हणून मी बुधवारी खडवलीला गेले. मंजुळानं घरात बोलावलं नाही, ओट्यावर बसवलं. कपाळावर काही नव्हतं. तिथला डाग ती आता झाकत नाही, बाहेरचं कुणी आलं तरच पदर ओढते. माझ्यासमोर तिनं पदर ओढला नाही. मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती, हात एकदाही थांबला नाही. मग म्हणाली, “येईन मी. पोरीचा काय दोष? पण माझ्या वेळी तुम्ही काय केलंत ते तुमच्या हातानं लिहून द्या. मी नेऊन देईन. त्यांनी ते माझ्यासमोर वाचायचं.”

तेच लिहिते आहे.

परतल्यावर सरळ मनुबाईंच्या दारात गेले, टिकली काढून उभी राहिले आणि सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. म्हणाल्या, “आत्ता सांगतेस? मुलाला दुसरी बघितलीय आम्ही. सुपारी फुटली.” मंजुळाला हे अजून माहीत नाही. उद्या सकाळी ती स्टेशनवर हे पत्र घ्यायला येईल तेव्हा मी तिला तोंडानं सांगेन. ते ऐकूनही ती आली, तर तुझ्या दारात केवढी बाई आली आहे ते समज. नाही आली तर हे पत्र तुला मिळणारच नाही, आणि रविवार मात्र येईल.

आज सकाळी सगळे खोके घरातून गेले. मी दारात आडवी झाले होते, हे बाजूनं निघून गेले. कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल पुढे कसारा, नाशिककडे जातो. पाकिटावर माझं नाव आहे.

तू एवढं कर. पत्र वाचलंस की आजच भावजींना पाठवून विहीणबाईंना बोलावून घे. रविवारची वाट बघू नको. लोकांसमोर दिसलं की पुढचं कुणी ऐकून घेत नाही, हे मी बघितलं आहे. डॉक्टरांचा कागद दाखव, मंजुळाला बोलू दे. चित्राचं कपाळ तिच्या हातानं उघडू दे, त्यांच्या हातानं नको. मी येत नाही. नवरीची मावशी का नाही आली म्हणून विचारतील, तर खरं कारण सांग, लपवू नको.

आणि आणखी एक. हे मी शेवटपर्यंत लांबवलं. उठ, आरशापुढे जा, आणि तुझी टिकली काढ. दीड वर्ष तूही आपलीच लावते आहेस, ताई. मीच दिलेली. विहीणबाई यायच्या आत बघून घे. तुझं कपाळ स्वच्छ असू दे, एवढंच मी देवाजवळ मागते. नसलं, तर आईलाही आहे बघून ती माणसं आपल्या घराण्याला काय म्हणतील हे मला ठाऊक आहे.

तू जिला खरं विचारलं होतंस, ती
रतन