दाराकडे सरकणारं बसकर

जळोची, बारामती
ता. २४ नोव्हेंबर १९९६

ती. बनाआत्या हिस राजलक्ष्मीचा सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तू नातीला घेऊन दवाखान्यात आलीस, त्याचा निकाल कळवते. म्हाळसाचे दोन्ही कान उत्तम आहेत. जीभ, टाळू, घसा यांत दोष नाही. घरी ती दिवसभर बोलते हे तू सांगितलंस. तुम्ही स्टँडकडे निघालात तेव्हा खिडकीतून मीही तिचा आवाज ऐकला. उसाचा ट्रॅक्टर बघून ती तुला काहीतरी समजावून सांगत होती. माझ्यासमोर मात्र तिने ओठ उघडले नव्हते.

तेव्हा ती मुकी नाही. घराबाहेर, परक्या माणसासमोर तिचा आवाज अडतो. हा हट्ट नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. हा भीतीचा एक प्रकार आहे आणि त्यावर परदेशात संशोधन झालेलं आहे. खरात गुरुजी तिला पुण्याच्या मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात पाठवा म्हणतात, ते चूक आहे. पण एप्रिलच्या तोंडी परीक्षेपर्यंत थांबायला ते तयार आहेत, म्हणजे तेवढी मुदत आपल्याला आहे. तिचे आईवडील, सर्जेरावदादा आणि वहिनी, मेंढरं घेऊन कोकणात उतरले, त्यामुळे जे करायचं ते तुलाच करावं लागेल.

पद्धत अशी. ज्या माणसाशी मूल बोलतं त्यालाच शाळेत न्यायचं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तू आणि म्हाळसा बसा, दार लावून घ्या. काहीतरी असा खेळ खेळा की ज्यात तोंडाने बोलावं लागतं. ती मोकळी झाली की गुरुजींनी आत यावं, पण पाठ करून बसावं आणि वह्या तपासाव्यात. मग हळूहळू जवळ यावं. शेवटी खेळात यावं. त्यानंतर तू ज्या बसकरावर बसतेस ते रोज थोडं दाराकडे सरकवायचं.

एक नियम महत्त्वाचा. तिच्याऐवजी तू उत्तर द्यायचं नाही. इथे मी तिला काय आवडतं विचारलं, तर तू बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी म्हणालीस. ते तुला आवडतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिला काय आवडतं हे मला अजून कळलेलं नाही.

उत्तर दे. लोभ आहेच, तो चालू ठेवावा.

राजलक्ष्मी


शेळगाव
ता. १५ डिसेंबर १९९६

चि. राजू हिला आत्याचे अ. आ.

पत्र पोचलं. आमी हितं बरी हाय, तुजी खुशाली कळवावी. तू त्यात काईच लिवलं न्हाईस. सगळी कागुदभर म्हाळसाच.

साऱ्या गावाला आयतं हसू मिळालं. म्हातारीचं नाव शाळंत घातलं म्हंत्यात. रंगूबाई तर पाटीपेन्सल घिऊन आली, तुला लागंल म्हनली. मी ठिऊन घेतली. खरात गुरुजी आदी तयारच हुईनात. त्येंचं म्हननं आसं की, पोरगी घरात लई बोलती हे परत्येक आजी सांगती, आन त्या गादीवाल्या खोलीतल्या युगती झेडपीच्या शाळंत चालत न्हाईत. मी म्हनलं चालू द्या की, तुमच्या काय बापाचं जातंय. मंग हसलं आन किल्ली दिली.

खेळ मी चल्लस-आटचा धरला. फरशीवर खडूनं पट आखला, चिचोकं फोडून घेतलं. दान पडलं की वराडून सांगावं लागतं, म्हनून. पैलं चार दिस पोरगी तितं बी गप. दान मीच सांगत हुते, तिचं बी आन माजं बी. मंग तुजं पत्र आटवलं आन तोंड दाबून बसले. लई जड गेलं बग राजू. दान पडलंय, पोरगी माज्या तोंडाकडं बगती, आन मी भितीवरच्या नकाशाकडं. शेवटाला माज्या कानाला लागून म्हनली, चार. दार लावल्यालं हुतं, तरी कानात.

तू कवा येतीस? दर येळंला काम हाय म्हंतीस. आयतवारी बी काम असतं व्हय? तू पोरांची मनं तपासतीस, तुजं कोन तपासायचं?

जपून ऱ्हा. माया हाय, ती काय कमी व्हायची न्हाय.

बनाआत्या


जळोची
ता. ५ जानेवारी १९९७

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कानात बोलली हेही बोलणंच आहे. मोठ्याने बोल म्हणू नकोस. शाबासकीही देऊ नकोस, कारण मग सगळ्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे जातं. दान ऐकलं की सोंगटी पुढे सरकव, जणू काही विशेष घडलेलं नाही. गुरुजींना आता आत येऊ दे.

तुला एक सांगणं भाग आहे. ही पद्धत मी वाचली आहे, शिकले आहे, पण आजवर कोणावर वापरलेली नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांच्याकडे मुलाला न दिसता आरशामागून पाहायची सोय होती. आपल्याकडे खरात गुरुजी आहेत. जमेल असं मला वाटतं, खात्री देत नाही.

माझी खुशाली विचारलीस. खोली स्वच्छ आहे, पाणी वेळेवर येतं. दवाखान्यात माझ्या दारावर ‘मानसतज्ज्ञ’ अशी पाटी लावली आहे, ती वाचून लोक पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात. आपल्या मुलाला वेड नाही, हे मला बाहेर उभं राहूनच सांगतात. शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद झाला की सोमवारपर्यंत बोलायचा प्रसंग येत नाही. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. वाचन होतं.

रविवारी येणं सध्या जमणार नाही.

लोभ राहू दे.

राजलक्ष्मी


शेळगाव
ता. ९ मार्च १९९७

चि. राजू हिला आत्याचे अ. आ.

मधी पत्र धाडलं न्हाय, कारन सांगन्याजोगं वंगाळच हुतं. गुरुजी पाठ करून बसाय लागलं आन पोरगी माज्या कानात का हुईना बोलत हुती. तेवड्यात जागरनाला पावनं आलं. त्येंच्यातल्या एकानं धाची नोट काडली आन सगळ्यांम्होरं म्हनला, बोल, बोललीस तर तुजी. पोरगी माज्या पदरात शिरली ती धा-बारा दिस घरात बी नीट बोलंना. मी पावन्याला काय बोलले ते हितं लिवत न्हाय, पोस्टमन वाचील.

मला वाटलं, गेली आता ती वसतिगृहात. तितं समदी पोरं हातानं बोलत्यात म्हनं. ही बी हातानं बोलाय शिकंल आन माजं नाव तोंडानं घ्यायची इसरंल, ह्येच डोस्क्यात. तरी खेळ सोडला न्हाय. मी एकटीच दोगींचं चिचोकं टाकायची.

मंग पंदरा दिसांमागं गुरुजी खेळाय बसलं. त्यांना खेळ काय येत न्हाय, नुसतं शिकल्यालं हाय. त्येंचं आट दान पडलं आन हिशेब चुकून चारच घरं चाललं. तर म्हाळसा म्हनली, आट. कानात न्हाय. त्येंच्याकडं बगून. चुकल्यालं तिला बगवलं न्हाय. गुरुजींनी तुज्या सांगन्यापरमानं काईबी न केल्यागत सोंगटी म्होरं सरकावली.

आता बसकर दाराकडं चाललंय. काल उंबऱ्याला टेकलं. तितनं मला पट दिसत न्हाय, नुसतं दोगांचं बोलनं ऐकू येतं. राजू, ह्ये औशीद हाय हे कळतंय. पर ती एकदा बी वळून बगत न्हाय.

कोकणातनं सर्जाचं काय पत्र न्हाय. तू तरी लिवत जा.

बनाआत्या


शेळगाव
ता. २९ एप्रिल १९९७

कु. राजलक्ष्मी यांस खरात गुरुजींचा स. न. वि. वि.

आपल्या आत्यांच्या आग्रहावरून हे कार्ड टाकत आहे. कु. म्हाळसा हिची इयत्ता तिसरीची तोंडी परीक्षा झाली. तिने कविता म्हटली नाही. तेराचा पाढा म्हटला, भिंतीकडे तोंड करून, पण पूर्ण. मी उत्तीर्ण केले आहे. वसतिगृहासाठी तयार केलेला कागद फाडला.

पूर्वी माझ्या वर्गात असे गप्प राहणारे दोघे-तिघे होऊन गेले. ते पुढे कुठे गेले ते मला माहीत नाही. आपण वेळ काढून आमच्या केंद्रातल्या शिक्षकांना ही पद्धत सांगावी, ही विनंती.

खेळात आपल्या आत्या एकदाही हरलेल्या नाहीत.

कळावे, स्नेह असावा.

खरात


शेळगाव
ता. १६ नोव्हेंबर १९९७

चि. राजू हिला आत्याचे अ. आ.

तुजं गुरुजींच्या मीटिंगीचं छापील पत्रक आलं. सहा शाळंतनी बसकरं टाकलीत म्हनं. गुरुजी तालुक्याला जाऊन भाषान करत्यात. चांगलं झालं.

दिवाळी झाली तशी पोरं मेंढरं घिऊन गेली. म्हाळसाला संगं न्यायचं सर्जाच्या मनात हुतं. तिनंच त्येला तोंडावर सांगितलं, मी शाळंत जानार. बापाला आसं बोलल्याली म्या पैल्यांदा आयकली.

आता सकाळी जाती ती दिवेलागनीला येती. पाच-सात मैतरनी झाल्यात. दिसभर बोलून बोलून दमती आन जेवता जेवता डोळं मिटती. काल मी इचारलं शाळंत काय झालं, तर म्हनली काय न्हाय. पैलं मी सोडून कुनाला सांगत नव्हती, आता मला सोडून समद्यांना सांगती. रागवायचं न्हाय, असंच व्हाया पायजे हुतं. तूच लिवलं हुतंस.

सांजच्याला पट आखून बसते. दोगींचं दान मीच टाकते.

तुजी आई गेली तवा तू बी वरीसभर माज्याबिगर कुनाशी बोलत न्हवतीस. तुला आटवतंय का न्हाय, ठावं न्हाय. दवाखाना कुटला तवा. मी नुसती तुज्यापाशी बसायची. मंग बोलाय लागलीस, शाळंत पैली आलीस, पुण्याला गेलीस. ह्ये बी चांगलंच झालं.

थंडी पडलीया. कानाला बांदत जा. तुजी याद येती.

बनाआत्या


जळोची
ता. १९ नोव्हेंबर १९९७

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. आठवतंय.

ज्या लेखावरून मी तुला पद्धत लिहिली, तो रात्री पुन्हा वाचला. ओळखीच्या माणसाचं आसन दाराकडे न्यावं, मग बाहेर, मग त्याची गरज उरत नाही, असं त्यात आहे. पुढचं सगळं मुलाविषयी आहे. दाराबाहेर गेलेलं माणूस तिथून कुठे जातं, याबद्दल एक ओळ नाही. सहा शाळांना पत्रक पाठवलं त्यातही मी ती घातली नाही.

येत्या रविवारी, २३ तारखेला, सकाळच्या इंदापूर गाडीने येते. फाट्यावर कोणाला पाठवू नकोस, चालत येईन.

पट आखून ठेव. खेळ मी विसरले आहे, सोंगटी कुठून चढते तेही आठवत नाही. काय बोलावं हे मला आल्या आल्या सुचणार नाही, म्हणून आधीच कळवते. मला वेळ लागेल. तू घाईने माझ्याऐवजी बोलू नकोस, शाळेत नकाशाकडे बघायचीस तशी भिंतीकडे बघत बस. आधी नुसतं दान सांगेन.

दुसरं बसकर माझ्यासाठी घाल. दारापासून लांब.

तुझी,
राजू