चेकर म्हणतो, चूक नाही

सोम., ३ मार्च, जळगाव
धुळ्याहून बदलीवर देवरे मॅडम (पुढे नुसतं दे.) हजर झाल्या. अजिबात दिसत नाही. कॉम्प्युटर त्यांना इअरफोनमधून वाचून दाखवतो, आणि टाइप करतात माझ्या दुप्पट वेगात, मेली!
साहेब मला हळूच, "यांना आस्थापनेचं टेबल कसं द्यायचं? टपालावर बसवू." हळूच कसलं, दे.ना ऐकू गेलं. "सर, मला वाचता येईल अशी फाइल द्या, मग ठरवा." साहेब म्हणाले बरं, पुढच्या बुधवारी बैठकीत रिक्त पदांची टिपणी तुम्हीच वाचा. वाचली तर टेबल तुमचं.
टिपणी करायची कोणी? मी. आलं का गळ्यात!

बुध., ५
दे.नी वर्डमधलं बटण दाखवलं. ॲक्सेसिबिलिटी चेकर. इतकी वर्षं तिथेच होतं म्हणे. दाबलं तर चुकांची माळ. तक्त्याला शीर्षकाची ओळ नाही, चौकटी एकात एक जोडलेल्या, चित्राला वर्णन नाही.
चित्राला मी लिहिलं नि मोठ्याने वाचलं : "फोटो". दे. हसल्या. "अक्का, फोटो शे हाई माले बी समजनं. पन कसाना?"
मग लिहिलं : कार्यालयाची इमारत, पिवळी, पोपडे निघालेले. खरं ते लिहावं.

शुक्र., ७
चेकर म्हणाला, कोणतीही अडचण नाही! ओरडलेच मी. पाटीलभाऊ शेजारच्या टेबलावरून, "लॉटरी लागली का?" कळण्याची भाकरी नि ठेचा दोघींनी मिळून खाल्ला. दे. फाइल घेऊन धुळ्याला गेल्या, घरी सराव करायला.

रवि., ९
दे.चा फोन. "अक्का, तुमनं मशीन खोटं बोलस." इअरफोनमध्ये म्हणे नुसतं के, ब्रॅकेट, स्लॅश, पुन्हा के.
सगळं मुसळ केरात. आपला जुना फॉन्ट! दिसायला मराठी, आत सगळी इंग्रजी बटणं. डोळ्यांना फसवतो, कानाला नाही. आणि तो चेकर खुशाल पास करतो. रडू आलं, खरंच. त्या बिचारीचं टेबल माझ्या फॉन्टपायी जायचं.

सोम., १०
युनिकोडमध्ये नव्याने टायपायला बसले. बोटं ऐकेनात. 'त' मागावा तर 'ज'. किबोर्ड आपटला. पाटीलभाऊंनी फॉन्ट बदलून देणारं कन्व्हर्टर काढून दिलं. भाऊ देवमाणूस!
पण ऱ्हस्व वेलांट्या उड्या मारून गेलेल्या. दे. इअरफोन काढून, "अक्का, हे रक्ति पद काय असतं?" रिक्तचं रक्ति. संध्याकाळपर्यंत ओळ ओळ. मी डोळ्यांनी, त्या कानांनी. माझ्या नजरेतून सुटलेलं त्यांनी पकडलं, त्यांना न कळलेलं मी.
चेकर पुन्हा चालवला. चूक नाही म्हणाला. आता त्याच्यावर विश्वास कोण ठेवतंय! दे.नी अथपासून इतिपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "बठ्ठं बराबर शे."

बुध., १२
वाचलं! न अडखळता. साहेबांनी मध्येच मुद्दाम, "पारोळा तालुका?" दे. बाणाच्या बटणाने तक्त्यात खाली गेल्या. "लिपिक रिक्त, शिपाई भरलेला, सर."
साहेब चहा प्यायले. "बघतो."
सरकारी 'बघतो' म्हणजे काय, हे देवालाही ठाऊक नाही. पण टिपणीवर सही करताना हसले, मी पाहिलं.

सोम., १७
होळीच्या सुट्ट्यांनंतर आज मेलवर दे.चा आदेश आला. आस्थापना की टपाल, त्यातच. मी त्यांच्याच टेबलाशी उभी. त्यांनी फाइल उघडली, इअरफोन घट्ट दाबून ऐकली.
मग दे. खो खो हसत सुटल्या. "अक्का, के, ब्रॅकेट, स्लॅश!"
साहेबांच्या टायपिस्टने जुन्याच फॉन्टमध्ये काढलाय आदेश. यांचाच, आणि यांनाच वाचता येत नाही!
"वाचून दाखवू?" मी चष्मा नाकावर चढवला.
"नको अक्का. आदेश मना शे. मीच वाचसू."
मी चष्मा काढून ठेवला. चुकून स्क्रीनवर नजर जाईल म्हणून खिडकीकडे तोंड केलं. दे.नी मेल परत पाठवला : कृपया युनिकोडमध्ये द्यावा, मला वाचता यावा.
पाच वाजेपर्यंत उत्तर नाही. आदेशात काय आहे ते मलाही माहीत नाही. पाहिलंच नाही मी.