यमूचं न सापडणारं प्रकरण

८ जानेवारी, बुधवार

लिफ्ट आजही बंद! सेक्रेटरींना फोन केला तर म्हणतात, "मॅडम, पार्ट आनेवाला है." महिना झाला, येतोच आहे तो पार्ट. बाबांना ऑपरेशननंतर घरी आणलं त्याच आठवड्यात बंद पडली. चौथा मजला, खुब्यात रॉड. त्यांना खाली नेता येत नाही आणि त्यांना एकटं टाकून मला जाता येत नाही. शाळेत बिनपगारी रजा टाकलीय.

दूध, भाजी, औषधं — सगळं वर येतं. खाली काही जात नाही. कचरा सोडून.

१० जानेवारी

गरम पाण्याची पिशवी शोधायला माळ्यावर चढले आणि हाताला काय लागलं — ‘तिघांचा तंबू’! पाठपुठ्ठा गेलाय, कडा वाळवीने खाल्ल्यात, पण आहे. मी स्टुलावरच उभी राहून चार पानं वाचली. बाबा आतून हाका मारत होते. ऐकू येत होत्या. गेले नाही लगेच.

पाचवीत होते तेव्हा हे पुस्तक मला पाठ होतं. गावोगाव तंबू ठोकणारी नाटक कंपनी आणि तिच्यातली तीन भावंडं. धाकटी चिमा नाचते, मधला दिगू ढोलकी वाजवतो. थोरली यमू विंगेत कंदील घेऊन उभी, सगळ्यांना विसरलेली वाक्यं पुरवायला.

११ जानेवारी

बाबा झोपले तेवढ्यात तीस पानं! भाषा थोडी जुनी वाटते आता, पण चिमा पहिल्यांदा स्टेजच्या फळ्यांवर पाय ठेवते तिथे अंगावर काटा आला. तसाच.

आम्ही दोघी बहिणी, नीलम आणि मी, हे खेळायचो. ती धाकटी आणि चपळ, म्हणून ती चिमा. मी यमू. विंग म्हणजे कपाटाचं दार. मला वाईट वाटायचं नाही, कारण पुढे मिरजेचं प्रकरण होतं. चिमाला ताप येतो आणि यमूला स्टेजवर जावं लागतं. सगळी वाक्यं तिलाच तर पाठ! काय ते प्रकरण! अजून त्याच्यापर्यंत पोचले नाहीये. मुद्दाम हळू वाचतेय.

१३ जानेवारी

गोदूबाई सकाळी बाबांना आंघोळ घालायला येतात, जुन्या भाईंदरहून. चार मजले चढून पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "मी तरी घरा जाते, बाय. तुमी कवा उतरल्या होत्या?"

आठवेना. खरंच आठवेना.

दुपारी बाबा म्हणाले, "काय वाचतेस एवढं?" मी पुस्तक दाखवलं. वाटलं, चिडतील. नाटक हा शब्द या घरात सतरा वर्षं नाही. नीलम नाटकवाल्यांबरोबर कोल्हापूरला गेली त्या दिवसापासून. तिचं नावसुद्धा नाही. वाढदिवसाला आम्ही दोघी एकमेकींना मेसेज करतो, तोही मी नंतर पुसून टाकते.

बाबांनी बराच वेळ कव्हर पाहिलं. मग म्हणाले, "मोठ्याने वाच."

१५ जानेवारी

रोज दोन प्रकरणं. बाबा डोळे मिटून ऐकतात. वाटतं झोपले, आणि थांबले की हात हलवतात — पुढे!

नवल म्हणजे मला आवाज काढता येतात! मालकाचा घोगरा, चिमाचा चिरका. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, वॉकर आणि औषधांच्या मधे बसून मालकासारखी खाकरतेय. बाबा हसले. खांदे हलले म्हणून कळलं.

१६ जानेवारी

सुगंधाचा फोन, चिपळूणहून. डी.एड.ला एका बाकावरची. तिथे ती मुलांचं नाट्यशिबिर घेते. दर वर्षीचंच — "ये ना गं, तीन महिने. मुलांसाठी नाटक लिही, बसव. दहा दिवसांत सांग, नाहीतर दुसरं कोणीतरी बघते."

मी म्हटलं, "बाबांचं कसं होणार?"

ती म्हणाली, "मागच्या वर्षी बाबा चांगले चालत होते, मृणाल. तेव्हाही तू हेच म्हणालीस."

फोन ठेवल्यावर खूप राग आला तिचा. कुकरच्या तीन शिट्या झाल्या तरी उतरला नाही.

१८ जानेवारी

पुस्तक संपलं. मिरजेचं प्रकरण नाही!

कंपनी मिरजेला जाते. चिमाला ताप येतो. पण खेळ रद्द होतो, लोकांचे पैसे परत. एवढंच, अर्धं पान. पुढच्या प्रकरणात चिमा बरी. शेवटी चिमाला मुंबईचं बोलावणं येतं, दिगू बरोबर जातो. यमू तंबूच्या दाराशी कंदील धरून उभी. संपलं.

मी पानांचे आकडे तपासले. एकही पान गेलेलं नाही. दोनदा तपासले.

बाबांनी विचारलं, "संपलं?" मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसत बसले. पुसलेलाच होता.

मग मला आठवतंय ते काय? यमूने घातलेला हिरवा शालू, चिमाचा, आखूड झालेला. पहिल्या रांगेतला खोकणारा म्हातारा. टाळ्या संपल्यावर ती विंगेत परत येतच नाही! समोरच्या पायऱ्या उतरते आणि लोकांमधून चालत तंबूबाहेर जाते. एकेक गोष्ट आठवतेय!

१९ जानेवारी, रविवार

नीलमला फोन केला. मेसेज नाही, फोन. गॅलरीत उभं राहून. तिला वाटलं, बाबा गेले.

म्हटलं, "तसं काही नाही गं. ‘तिघांचा तंबू’ सापडलं. मिरजेचं प्रकरण नाहीये त्यात."

ती हसायलाच लागली. मग एकदम थांबली. "ताई, ते पुस्तकात कधीच नव्हतं. तू सांगायचीस मला ते. रविवारी दुपारी, कॉटखाली बसून. दर वेळी थोडं वेगळं. मोठी झाल्यावर मी पुस्तक स्वतः वाचलं तेव्हा कळलं मला. तुला म्हटलं नाही. वाटलं, तुला माहीतच असेल."

तीच पुढे म्हणाली,

"मी घर सोडलं ना, ते त्या प्रकरणावर सोडलं. समोरच्या पायऱ्यांनी. मला वाटायचं, ताई आता मागून येईल. पहिलं वर्षभर वाटत होतं."

खाली जेसल पार्कच्या रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

२० जानेवारी

बाबांना सांगून टाकलं. नीलमला फोन केला, आणि ते प्रकरण मी रचलं होतं, हे. वाटलं होतं, नीलमचं नाव ऐकूनच ओरडतील.

बाबा छताकडे बघत म्हणाले, "माहीत आहे मला. तुम्ही कॉटखाली, मी कॉटवर. झोपलेला नसायचो मी. शालूचा रंग एकदा तू लाल केलास, तेव्हा नीलम भांडली होती."

माझ्या हातात त्यांच्या पेजेची वाटी होती. तशीच.

"ती गेली तेव्हा मला कळलं, हे कुठून आलं. तुला बोललो नाही. वाटलं, बोललो तर तुला आठवेल. मग तूही जाशील." मग म्हणाले, "तू विसरलीस. मला बरं वाटलं."

बरं वाटलं!! मी वाटी खाली ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. किती वर्षं मला वाटत होतं की माझ्यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणून मी इथे आहे. आणि या माणसाला माहीत होतं.

बाहेर आले. म्हटलं, "बाबा, मला जायचंय. तीन महिने. चिपळूणला." आवाज माझाच होता, कोणाचा काढलेला नव्हता.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

२२ जानेवारी

बोलत नाहीत. पेज अर्धी टाकतात. गोदूबाईंनी विचारलं, "भांडन झाला काय?" म्हटलं, नाही. "मंग बरा हाय. भांडन झाला आसता तर मिटला आसता."

२३ जानेवारी

मी एकटीच बाबांना वॉकरवर उभं करायला गेले आणि ते पडता पडता वाचले. माझा दंड धरूनच कसेबसे कॉटवर बसले. अशा माणसाला टाकून कशी जाऊ? कोणाच्या जिवावर?

सुगंधाला ‘नाही जमणार’ असं लिहिलं. पाठवलं.

२४ जानेवारी

काही नाही.

२५ जानेवारी, शनिवार

नीलम आली! बाबांनी बोलावलं — काल मी कपडे वाळत घालत होते तेव्हा, माझ्या फोनवरून. माझं ‘नाही जमणार’ वाचून सुगंधालाही त्यांनीच कळवलं, की मृणाल सोमवारी पोचते. चार मजले चढून नीलम दारात धापा टाकत उभी, कानांजवळ केस पिकलेले. बाबा तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. म्हणाली, "ताई, किल्ल्या दे."

दिल्या.