सोळावी चादर

६ जानेवारी
दुपारी पोचले. कारंजाहून एसटीने इंझोरी, तिथून भाजीवाल्या रंगरावांच्या गाडीत, वांग्यांच्या कॅरेटशेजारी बसून. योग शिबिराची जागा फार छान आहे. नाल्याकाठी आठ झोपड्या, मध्ये कडुनिंबाखाली मातीचा मोठा ओटा आणि तीन बाजूंनी तूर. चार महिन्यांत आज पहिल्यांदा भूक लागली. स्वयंपाकघरातल्या कस्तुराबाईंनी न विचारता ताटात तिसरी भाकर टाकली. म्हणाल्या, "खा वं बाई. हे योगावाले हवा खाऊन राह्यले, आपल्याले नाही जमत ते."

शिबिर तनुजा मॅडम चालवतात. वयाने माझ्याएवढ्याच, बोलणं शांत. मी दिनेशची बायको आहे हे त्यांना सांगितलं नाही. अर्जात माहेरचंच आडनाव होतं. दिनेश पाठीच्या दुखण्यासाठी इथे तीनदा आला होता. मला एकदाही आणलं नाही. तो गेला, आता निदान त्याची आवडती जागा तरी पाहावी, म्हणून मदतनिसाचं काम धरलं.

८ जानेवारी
काम कळलं. सकाळी ओट्यावर पंधरा सतरंज्या अंथरायच्या, चौदा साधकांच्या आणि एक मॅडमची. शेवटी सगळे शवासनात पडले की प्रत्येकाला गळ्यापर्यंत चादर घालायची. वीस मिनिटांनी एकेकाच्या उजव्या पायाचा अंगठा दाबून उठवायचं. अंगठा दाबल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि एकालाही तसंच सोडून जायचं नाही, हा मॅडमचा नियम.

कस्तुराबाईंना हे पटत नाही. "मेलेल्याचे अंगठे बांधतात, नाही तं थो उठून मागं येते. अन् तुमी जित्त्याचे दाबता. उलटाच कारभार!"

मी हसले. मग आठवलं. दिनेशचे अंगठे बांधले होते, पण मी सगळ्यांची नजर चुकवून गाठ सोडली होती. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख आत वळलेलं होतं, मोजासुद्धा टोचायचा. दुखेल असं वाटलं.

११ जानेवारी
आज चुकून सोळा सतरंज्या अंथरल्या. घरीही अजून दोन ताटं घेते, तसंच. सोळावी राहू दिली, वर चादरही घातली. गोळा करताना पाहिलं तर बाकीच्या सावलीत गारठल्या होत्या, ती एक ऊबदार होती. टाचांच्या जागी दोन खळगे. चादरीला पाठीच्या मलमाचा वास.

कुणाला सांगितलं नाही. दिवसभर आनंदात होते.

१३ जानेवारी
सोळावी मुद्दाम मी उभी राहते तिथे, माझ्याजवळ अंथरली. शवासन संपलं तेव्हा ती पुढे, मॅडमच्या डाव्या हाताला होती. राखणदार बाबूसिंगला विचारलं. तो म्हणाला, "कोनी नाही आलं बाई, मी इथंच बसून होतो."

चहाच्या वेळी मॅडम आपणहून एका जुन्या साधकाबद्दल बोलल्या. अकोल्याचा दिनेश. नेहमी त्यांच्या डावीकडे पडायचा. शवासनात रडायचा. पोटातच गेलेल्या मुलाबद्दल तो त्यांच्यापाशी तासन् तास बोलला होता.

आमच्या मुलाबद्दल. माझ्याशी नऊ वर्षांत एक शब्द नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तनुजाने तिळगूळ दिला. हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

सतरंजी माझ्याजवळ अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवले. दगड जागेवर राहिले. सतरंजी तिच्याजवळ. तिचा डावा हात चादरीबाहेर, सोळाव्या चादरीवर पडलेला. बोटं कुणाचा तरी हात धरल्यासारखी वळलेली. झोपेत हसत होती.

माझ्याकडे यायला त्याला वाट मी मोकळी केली. गाठ मी सोडली.

१६ जानेवारी
चौदा अंगठे दाबले. तिचा दाबला नाही. पडू दे. साधक चहाला गेले, मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत राहिले.

ती हलली नाही. मग सोळावी चादर एका बाजूने उचलली गेली. वारा नव्हता. तिच्या पायाच्या अंगठ्यावर चादरीला खळगा पडला, कुणीतरी दाबल्यासारखा. ती उठून बसली आणि शेजारी पाहून मान हलवली. आभार मानल्यासारखी.

मला उठवायला तो कधी —

१८ जानेवारी, सकाळ
शिबिर संपलं. साधक गेले. कस्तुराबाई म्हणाल्या, "अंजनाबाई, तुमी बी जा आता. हे जास्तीची चादर कायले अंथरून राह्यल्या? मले चांगलं नाही वाटत." मेथीच्या जुडीची सुतळी काढून घेतली.

दुपार
ओट्यावर दोनच सतरंज्या. त्याची आणि माझी. चादरीखाली हात घातला. अंगठा लागला. गार. नख आत वळलेलं.

त्याचा अंगठा माझ्या अंगठ्याला बांधला. दोन गाठी. मग पडले, अंगावर चादर ओढली.

आता कुठे जाशील?

वही छातीवर धरून लिहिते आहे. पाय हलत नाही. गारठा गुडघ्यापर्यंत आला आहे — कमरेपर्यंत —

तनुजा आली. अंजना म्हणून हाका मारते आहे. अगदी जवळ उभी आहे. मी ओ दिली. ती माझ्या अंगावरून पलीकडे पाहते आहे. स्वयंपाकघरातून कस्तुराबाई ओरडल्या, गेली असंल बाई न सांगता.

तनुजा वाकली. माझ्याकडे नाही. डावीकडच्या चादरीवर, पायाशी. दाबलं.

तो उठून बसला.

सुतळी सैल होते आहे. तो गाठ सोडतो आहे. मी सोडली होती तशीच, हळूच, नजर चुकवून —

तिच्या पावलांशेजारी धुळीत दुसरी पावलं. दोघं निघाली.

तनुजा, एकालाही तसंच सोडून जायचं नाही. तुझाच नियम. माझा अंगठा अजून कुणी —