रविवारची नावं

ओहायो, नोव्हेंबर १९२१

प्रिय रोझालिया,

यांकोचा गुडघा मोडणारा माझ्याच संघातला आहे, त्याचं नाव शोधून दे, असं तू लिहिलंस. तो मीच.

कॉलेजची पोरं रविवारी पैशासाठी खोट्या नावानं इथला धडकाधडकीचा अमेरिकन फुटबॉल खेळतात, हे तुला ठाऊक आहे. मी तर त्यापायी कॉलेजच सोडलं. पण तुझा भाऊ यांकोही खेळतो, हे मला माहीत नव्हतं. समोरच्या रांगेत कुणी 'ब्राउन' उभा होता, चामडी टोपी कपाळावर ओढलेली, तोंडभर चिखल. आमचा कप्तान म्हणाला, "कॉलेजातलं बाळ दिसतंय. पाठव घरी."

आठवडाभर तुझं पत्र नव्हतं, डोकं तापलेलंच होतं. मी सगळं अंग त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो आपल्या स्लोव्हाक बोलीत "आई गं" म्हणून ओरडला, तेव्हा मी त्याची टोपी वर केली.

काल इस्पितळात गेलो. पाय कायमचा गेलाय. म्हटलं, "रोझालियाला सांगून टाकतो."

"गाढवा, पाय माझा गेलाय. तुमचं ठरलेलं लग्न कशाला मोडतोस?" यांको म्हणाला. "दे कुठलंही नाव. आपल्याकडे नावांना काय तोटा आहे?"

हे पत्र फाडून उद्या दुसरं लिहीन. त्यात एक नाव असेल.

तुझाच,
ओंद्रेय