पान चौथे, कोरससह

३ जानेवारी, शनिवार. सकाळी ७.१०
आजपासून दर शनिवारी एक तास पहिलीचा वर्ग माझ्याकडे. मुलं अकरा. वर्गाच्या शर्मिलाबाईंची अट : २४ तारखेला त्या ऐकणार. मुलं वाचू लागली तर तास वर्षभर माझा, नाहीतर बंद. तीन शनिवार पुरे आहेत. पेटी मी कोणाकडे शिकलो नाही, तरी डबलबारीला, दोन बुवांच्या भजनी सामन्याला, बसतो.

दुपारी १.२०
बाईंची पद्धत : दोघादोघांनी एकमेकांना वाचून दाखवायचं. नुसता कलकलाट. बंद केली. माझी पद्धत भजनाची. बुवाने ओळ म्हणायची, कोरसने उचलायची. पान चौथे, खेकड्याची गोष्ट, ओळी आठ. छपाई फार बारीक. बायको म्हणाली, "आधी कणकवलेक जावन चष्मो करून घेवा." हात एवढा लांब असताना चष्मा कशाला?

१० जानेवारी
झांज नेली. आठही ओळी तालात. बाई म्हणाल्या, मुलांना बोट अक्षरावर ठेवायला सांगा. मग टाळ्या कोण वाजवणार? तेजस्वी नावाची मुलगी पुढची पानं उलटत होती. समज दिली. मला खोकला झालाय. सहाव्या ओळीला हटकून येतो.

१७ जानेवारी
पुस्तक मिटूनही मुलं वाचतात! बायकोला सांगितलं. म्हणाली, "मगे उघडून वाचतत काय बगा." हिला शिक्षणातलं कळत नाही.
अनिश सारखा खिडकीबाहेर बघतो. सातव्या ओळीआधी ओरडावंच लागतं.

२४ जानेवारी, दुपारी १२.०५
बाईंनी सहावं पान उघडलं. अगोदर कल्पना द्यायला हवी होती. मुलांनी सहावं पान समोर धरून चौथं सुरू केलं. सहाव्या ओळीला दहाजण खोकले. सातवीआधी सगळे ओरडले, "अनिश, भायर बगू नको." सर्वांत मोठ्याने अनिश.
नमुना म्हणून मी स्वतः सहावं पान वाचायला घेतलं. उजेड कमी होता. तोंडातून खेकडाच आला. कोरसने साथ सोडली नाही, हे नमूद करतो.
तेजस्वी तेवढी गप्प होती. शेवटी म्हणाली, "बुवानू, ह्या पानार कुर्ली नाय. होडी आसा." आणि बोट अक्षरावर ठेवून सबंध पान वाचलं.
तास बंद.

२७ जानेवारी
कणकवलीला जाऊन आलो. दुसऱ्याच कामासाठी. चष्मा शुक्रवारी मिळेल.

३१ जानेवारी, शनिवार. दुपारी १२.३०
बाईंचा निरोप आला. चूक उमगली असणार, म्हणून झांज घेऊन गेलो. झांज दाराबाहेर ठेवायला लावली. वर्गात पुन्हा जोड्या. अकरात एक उरणारच. उरली तेजस्वी. तिच्यासमोर मला बसवलं. एक ओळ तिने वाचायची, एक मी.
मी दोनदा चुकलो. चष्मा नवीन आहे. तेजस्वी म्हणाली, "घाई करू नकात. बोट ठेवा."
ठेवलं.
सातवं पान घरी वाचून यायला सांगितलंय. बायको बाजारात गेली की बसतो.